घमेल्याला एक ओंजळ

यशवंता मिस्त्री गेल्याचा निरोप आला तेव्हा मी एका शाळेच्या छपराचं इस्टिमेट तपासत होतो. मंठ्याकडच्या कुठल्याशा गावात दोन खोल्या, वर सिमेंटचे नालीदार पत्रे... नेहमीचंच काम. आमचा शिपाई टेबलापाशी येऊन म्हणाला, "तुमच्या वस्तीतले ते पत्र्याचे मिस्त्री वारले म्हणतेत." मी मान हलवली आणि हातातली पत्र्यांची बेरीज पुरी केली. मग उठलो. बेरीज पुरी केली, हे लिहायला लाज वाटते, पण लपवून काय करू? एक खोटं आधीच माझ्या नावावर आहे. ते सांगितल्याशिवाय मला यशवंताबद्दल दुसरं काही लिहिता येणार नाही, म्हणून पाच आठवडे झाले तरी कागद कोराच होता.

आम्ही दोघं अंबडकडच्या एकाच गावचे. शाळेत शेजारी बसलो, म्हणजे दोघंही दाराजवळ बसलो, कारण आमच्या घरच्या पोरांची जागा तीच होती. मी कसाबसा मॅट्रिक झालो. यशवंता चौथीतच निघाला, पण डोकं माझ्यापेक्षा बरं होतं त्याचं, हे मी कबूल करतो. आम्ही धम्मात आलो त्याच्या पुढच्या वर्षी दोघंही जालन्यात आलो, एकाच वस्तीत राहिलो. मी सरकारी बांधकामाच्या एका कार्यालयात कारकून म्हणून चिकटलो आणि तो एका कंत्राटदाराकडे पत्रे उचलायला लागला. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, आणि लिहून फरकही पडणार नाही, सगळीकडे टेबलं तीच असतात. वर्षभरात यशवंता पत्रे कापायला शिकला आणि दोन वर्षांत मिस्त्री झाला.

सिमेंटचा पत्रा म्हणजे तेव्हा मोठी गोष्ट होती. जळत नाही, गंजत नाही, वाळवी लागत नाही. जिनिंगचे कारखाने, आडतीची गोदामं, शाळा, दवाखाने, सगळ्यांवर तोच. चार पत्र्यांची टोकं जिथं एकावर एक येतात तिथं कोपरे कापावे लागतात, नाहीतर पत्रा नीट बसत नाही आणि पाणी आत येतं. हे कोपरे कापण्यात यशवंताचा हात धरणारा कुणी नव्हता. पत्रा गुडघ्याखाली दाबायचा, करवत लावायची आणि एका दमात कोपरा वेगळा करायचा. दिवसभरात डोकं, भुवया, मिशा सगळं पांढरं. गिरणीवाला पिठानं माखतो तसा. संध्याकाळी घरी आला की सरूवहिनी त्याचा सदरा अंगणात धरून झटकायची आणि म्हणायची, आले आमचे म्हातारबुवा. तो पस्तिशीचाही नव्हता तेव्हा.

आता चुलीचं सांगतो. आमच्या वस्तीतल्या बायका चूल घालतात ती माती, शेण आणि भुसा कालवून. महिन्या दोन महिन्यांत जाळ लागून तिला तडे जातात, मग पुन्हा लिंपा. यशवंतानं कामावर पाहिलं होतं की पत्र्याचा भुगा कितीही तापवला तरी काही होत नाही. भुगा पडूनच असायचा, मुकादम म्हणायचा घेऊन जा बाबा, तेवढीच झाडलोट वाचली. यशवंतानं एक पोतं भरून घरी आणलं. वाया जाऊ द्यायचं नाही, हा त्याचा स्वभावच. भाकरीचा तुकडा खाली पडला तरी कपाळाला लावून खाणारा माणूस. वहिनीनं तो भुगा मातीत कालवून चूल घातली आणि काय सांगू, ती चूल पावसाळे काढून गेली तरी केसाएवढी भेग नाही. मग शेजारणी आल्या. मग पलीकडची वस्ती. पुढं पुढं तर राजूरला चतुर्थीला जाणाऱ्या बाया येताना वहिनीकडे शेगडी सांगून जायच्या. ज्या घरांत आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्या घरांतसुद्धा वहिनीच्या हातची शेगडी चालायची. हे यशवंताला फार आवडायचं. हसून म्हणायचा, जाळात सगळं शुद्ध होतं म्हणतेत ना, मंग होऊ द्या. त्याची नंदा पाच वर्षांची असल्यापासून आईबरोबर भुगा कालवत आली. मऊ लागतो हाताला, म्हणायची. माझ्या घरची चूलही तीच होती, आणि ती बघायला आलेल्या पाहुण्यांना मी कौतुकानं दाखवत असे.

खोकला कधी सुरू झाला ते कुणाच्या ध्यानात नाही. पत्र्याच्या कामात सगळेच खोकतात. मग जिना चढताना यशवंता मधेच थांबायला लागला आणि थांबल्याचं निमित्त म्हणून विडी काढायला लागला. दवाखान्यात क्षय सांगितला. कित्येक महिने रोजची सुई, गोळ्यांच्या पुड्या. थुंकी तपासली की काही निघत नाही, पण सुई चालू. शेवटी मी त्याला औरंगाबादला नेलं. तिथं एक तरणा डॉक्टर होता, त्यानं छातीचा फोटो बराच वेळ उजेडाला धरला आणि विचारलं की तुम्ही काम काय करता. इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. यशवंतानं सांगितलं. डॉक्टर म्हणाला की हा क्षय नाही, त्या पत्र्यात अॅस्बेस्टॉसचे बारीक तंतू असतात, ते छातीत जाऊन बसतात आणि बाहेर येत नाहीत. औषध नाही. यशवंता हे सगळं शांतपणे ऐकत होता. पण मग डॉक्टरनं सहज विचारलं की अंगावरची धूळ घरी येते का, घरात बायकापोरं आहेत का. त्या प्रश्नावर यशवंताचा चेहरा उतरला. तो मी जवळून पाहिला. मरायचं म्हटल्यावर उतरला नव्हता, तो घरच्यांचं नाव काढल्यावर उतरला. त्यानं विचारलं, किती गेली म्हणजे बाधते? डॉक्टर म्हणाला की ते मी सांगू शकत नाही, कमी तितकी बरी, माप ठरवणं माझं काम नव्हे.

आम्ही एस्टीनं परत निघालो. बदनापूर मागं पडल्यावर एकदम म्हणाला, "सदा, तुमच्या ऑफिसात पुस्तक असंल ना. त्यात बघ. कितीला घातक, ते लिवलेलंच असंल."

आमच्या लोकांची ही एक खोड आहे, आणि ती मलाही आहे. ज्यांनी आम्हाला माणसात आणलं त्यांनी ते कायद्याचं पुस्तक लिहून आणलं, हे आमच्या पोराटोरांना पाठ. त्यामुळं आमच्यात कुणी 'लिहिलंय' म्हटलं की बोलणं मिटतं. दुसरे लोक साहेबाच्या ओळखीवर विसंबतात, आम्ही कलमावर. यशवंताला खात्री होती की सरकारनं एवढे पत्रे शाळांवर, दवाखान्यांवर घातले, तर त्यातलं विष कुठून सुरू होतं ते कुठंतरी मांडून ठेवलंच असणार. मलाही खात्री होती, आता कशाला नाही म्हणू.

रविवारी मी ऑफिसातली जाडजूड पुस्तकं पिशवीत घालून त्याच्या घरी नेली. न्यायची नसतात, पण नेली. तो भिंतीला टेकून बसला, वहिनी दारात, आणि मी इंग्रजी वाचून मराठीत सांगत होतो. पत्र्याची जाडी सहा मिलिमीटर. नाल्यांची खोली किती. पत्र्यावर किती भार टाकल्यावर तो मोडला पाहिजे, त्याच्या आधी मोडला तर माल परत. पाणी किती वेळात झिरपायला नको. छपराला उतार किती, पत्रा पत्र्यावर किती चढवायचा, बोल्टाचं भोक कडेपासून किती लांब. यशवंता प्रत्येक मापाला मान हलवत होता, कारण ही सगळी मापं त्याच्या हातात होती, एकही चूक नव्हती. दुपार टळली, पुस्तकं संपली. पत्र्यासाठी सगळं लिहिलं होतं. पत्रा कापणाऱ्याबद्दल त्यात एक ओळ नव्हती. यशवंता म्हणाला की हे पुस्तक जुनं असंल, नवं आलं असंल, वर लिहून विचारू.

अर्ज मीच लिहिला. "सिमेंटच्या पत्र्याचा भुगा किती प्रमाणात शरीरास अपायकारक समजावा, तसेच सदर भुगा मातीत मिसळून चुलीस वापरल्यास चालतो किंवा कसे, याबाबत खुलासा व्हावा ही विनंती." खाली यशवंताची सही. आता पुढचं ऐका. अर्ज आमच्याच ऑफिसात आवक झाला, साहेबांनी त्यावर 'नियमानुसार उत्तर द्यावे' असा शेरा मारला आणि चार दिवसांनी तो माझ्याच टेबलावर येऊन पडला, कारण पत्र्याचा विषय माझ्याकडे होता. मी साहेबांना जाऊन भेटलो. ते वाईट नव्हते. म्हणाले, नियमात आहे का? मी म्हटलं नाही. ते म्हणाले, मग तसंच लिहा. आणि मी लिहिलं. "आपण विचारलेल्या बाबीसंबंधी या कार्यालयाच्या नियमावलीत तरतूद आढळून येत नाही. सबब आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे." टाईप झालं, साहेबांची सही झाली, पोस्टानं गेलं. आमची दारं समोरासमोर आहेत.

यशवंतानं ते पत्र मला वाचायला दिलं नाही, त्यानं स्वतःच अक्षर लावून वाचलं होतं. म्हणाला, "'सबब' म्हणजे तू. दुसरं कोण लिवतंय?" आणि हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. मी त्याच्या समोर मेल्याहून मेल्यासारखा बसलो होतो, आणि तोच मला चहा पाज म्हणून वहिनीला सांगत होता.

मी शोध सोडला नाही, एवढं माझ्या बाजूनं मांडू द्या. वरच्या ऑफिसला लिहिलं, आरोग्य खात्याकडे लिहिलं. एकानं दुसऱ्याकडे, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. कारखान्यांच्या तपासणीचं काम बघणाऱ्या एका अधिकाऱ्यानं मात्र बसवून घेतलं आणि नीट समजावलं. म्हणाले, धुळीचं बघायचं ते कारखान्याच्या चार भिंतींत. तुमचा माणूस छपरावर उघड्यावर काम करतो, ते काही कारखान्यात मोडत नाही. आणि चूल तर घरातली. मी विचारलं की मग पत्र्यात तो पदार्थ किती असला म्हणजे पत्रा घातक? ते म्हणाले, पत्रा हे बांधकामाचं सामान, ते तुमच्या खात्याचं. आमच्या इंजिनियरच्या कपाटात एक जुनं विलायती मासिक सापडलं, त्यात वाचलं की तिकडे हवेतले तंतू भिंगाखाली मोजतात आणि त्यावर हद्द घालतात. तीही कारखान्यापुरतीच. मी ते मासिक पुन्हा कपाटात ठेवलं. आमच्या वस्तीतल्या चुलीपाशी भिंग घेऊन कोण बसणार होतं?

मधल्या काळात यशवंतानं भुगा आणणं बंद केलं होतं आणि वहिनीलाही चुली घालू नको म्हणून सांगितलं. तिनं त्याच्या जिवासाठी ऐकलं. पण तो काठी टेकत घरोघर जाऊन चुली फोडा म्हणायला लागला, तेव्हा बाया म्हणाल्या, पंधरा वर्षं ह्याच चुलीवर भाकरी भाजून राह्यलो, कोण मेलं? किती भुगा वाईट ते तरी सांगा. तो तसाच परत यायचा. चांगली चूल, आणि आजारी माणसाच्या शब्दावर कोण फोडील? मीही माझी फोडली नव्हती. बायको म्हणाली बघू, मी म्हटलं बघू, आणि ते तसंच राहिलं.

दिवाळीच्या सुमारास नंदा बाळंतपणाला आली. मुलगा झाला. बापाचं दुखणं बघून ती इकडेच राहिली. तिला कोरडा खोकला होता. बाळंतिणीला होतो, वारं लागलं असंल, असं सगळे म्हणत. यशवंता मात्र ती खोकली की डोळे मिटून घ्यायचा. मी गेलो की त्याचं एकच... वरून काही आलं का? आता त्याला छातीचं काही वाटत नव्हतं. त्याला एवढंच पाहिजे होतं की आपण पोरीच्या हातात काय दिलं, ते मरायच्या आधी कळावं. विष दिलं असंल तर विष म्हणून कळावं, नसंल तर सुखानं डोळे मिटावेत. बिनाउत्तराचं मरण त्याला नको होतं.

शेवटची भेट दुपारची. तो पडू शकत नव्हता, गोधड्यांच्या चळतीला टेकून बसलेला. एका वाक्याला तीनदा थांबत होता. नंदा अंगणात लेकराला न्हाऊ घालत होती आणि मधेच खोकली. यशवंतानं माझं मनगट धरलं.

"सदा, आलं का काही?"

मी म्हटलं, "आलं."

कसं म्हटलं मला ठाऊक नाही. त्याच्या डोळ्यांत बघून पुढं बोलणं भाग होतं, आणि मी जन्मभर कारकुनी केलेला माणूस, आकड्याशिवाय बोलू शकत नाही. म्हणालो की घमेलंभर मातीला एक ओंजळ भुगा चालतो. तेवढ्यानं काही होत नाही. त्याच्यावर गेलं तर घातक.

"लिवलंय?"

"लिहिलंय."

"सरकारी?"

"सरकारी. मी स्वतः वाचलंय."

त्यानं वहिनीला हाक मारली आणि तू किती घालत होती म्हणून विचारलं. ती म्हणाली, एक ओंजळ, कधी त्याहून उणीच. यशवंतानं माझं मनगट सोडलं आणि किती तरी दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं केलं. मोकळा श्वास त्याच्याकडे नव्हताच. पण चेहरा निवला. आणि मला तिथंच समजलं की मी ओंजळच का म्हणालो. वहिनी ओंजळ घालते हे मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. किती भुगा घातक हे बघून मी माप ठरवलंच नाही. जे चालू होतं तेच मोजलं आणि त्याला ठीक म्हणालो. त्यानंतर चौथ्या दिवशी तो गेला.

सांत्वनाला येणाऱ्यांत मी रोज होतो. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, जेवणं झाली, आणि मी हात धुवायला मागं गेलो तर वहिनी चार बायांना सांगत होती की काही भ्यायचं कारण न्हाई, भाऊजींनी सरकारी पुस्तकात बघितलंय, घमेल्याला एक ओंजळ बराबर हाय, ह्यांनी जाताना ते ऐकलं आणि मंगच डोळे मिटले. बाया माना डोलावत होत्या. यशवंताच्या धाकानं ज्यांनी चुलीला भुगा लावायचं थांबवलं होतं, त्यासुद्धा. खोलीत मागं तीन पोती अजून शिल्लक होती.

मी आठ दिवस स्वतःशी भांडलो आणि मग वहिनीला एकटी गाठून सांगितलं. वहिनी, ते खोटं होतं. असं कुठंच लिहिलेलं नाही. तो तळमळत होता म्हणून मी बोललो. ती डाळ निवडतच राहिली. मला वाटलं रडेल, किंवा मला बोलेल. बोलायलाच पाहिजे होतं. ती म्हणाली, "मंग खरं किती, ते सांगा. तेवढंच घालू."

अजिबात नको, म्हणालो. ती म्हणाली की हे पण कुठं लिवलेलं न्हाई ना भाऊजी. मी म्हटलं, नाही. तिच्या नवऱ्याचा जीव ज्या शब्दावर शांतपणे गेला तो शब्द मी आता परत मागत होतो, आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे दुसरा शब्द नव्हता. तिनं डाळीचं सूप उचललं आणि आत गेली.

मी अंगणात आलो. नंदा लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. पुढ्यात घमेलंभर माती कालवलेली, बाजूला उघडं पोतं. कुणाची तरी शेगडी घालायची होती. मला बघून तिनं पोत्यात दोन्ही हात घातले आणि भरलेली ओंजळ माझ्यापुढं धरली.

"बराबर हाय का काका? तुम्ही वाचलंय म्हणून इचारलं."

मी म्हणालो, थोडं कमी कर. तिनं बोटं सैल केली, थोडा भुगा पोत्यात परत गेला. आता? मी म्हणालो, अजून थोडं. तिनं अजून सोडला. मी म्हणालो, अजून... अजून. ती माझ्याकडे बघत बघत ओतत गेली, शेवटी ओंजळ रिकामी झाली. तिला हसू आलं. म्हणाली, "मंग काय घालू काका, नुसती माती?" आणि तिनं तळव्याला चिकटलेला भुगा दोन्ही हात एकमेकांवर आपटून झटकला. उन्हात पांढरी धूळ उठली, आणि मांडीवरचं लेकरू हसून ती मुठीत धरायला लागलं.